रुमालाखालचं उत्तर

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर मला एक पान देऊ केलं. विषयही त्यांनीच दिला: वर्गात शिक्षक आणि विद्यार्थी यांचं नातं कसं जुळतं. मी म्हणालो, एका पानात नातं जुळत नसतं, फार तर तोंडओळख होते; चार पानं द्या. ते म्हणाले, यंदा जाहिराती बऱ्याच आहेत. कुणाच्या, म्हणून विचारलं तर क्लासवाल्यांच्या. मग माझा पारा चढला, आणि पारा चढला की माझा सौदा चांगला होतो. अडीच पानांवर सौदा तुटला; आमच्या बाजारी भाषेत तुटला म्हणजे पटला. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, ज्यांना गुरुपौर्णिमेच्या भाषणासारखं काही वाचायचं असेल त्यांनी पुढच्या लेखाकडे जावं.

माझे वडील बिलोलीकडच्या बाजारांत बैलांचे दलाल होते. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा रुमाल आपल्या हातावर टाकतो, घेणारा त्याच्याखाली हात घालतो, आणि पुढचं सगळं बोटांवर चालतं. अमुक बोट धरलं की अमुक भाव, पंजा दाबला की तमुक. भोवती बघ्यांचं कोंडाळं असतं, पण कुणाला काही दिसत नाही. भाव कमी लावला म्हणून कुणाची चारचौघांत शोभा होत नाही, जास्त मागितला म्हणून कुणी हसत नाही. आणि या धंद्याचा एकच कायदा: रुमालाखाली जे झालं ते दलालानं कुणाला सांगायचं नाही. सख्ख्या भावालाही नाही. एकदा सांगितलं की पुढच्या बाजारी त्याच्या रुमालाखाली कुणी हात घालत नाही.

ही बोटं मला मुळाक्षरांच्या आधी येत होती. पुढं मी गणित शिकलो, ते कुणाच्या पुण्याईनं नव्हे. बाजारच्या दिवशी शाळा बुडवायची आणि राहिलेला धडा दुसऱ्या दिवशी मास्तरांशी हुज्जत घालून वसूल करायचा, असं करत करत शिकलो. बी.एड. झालो आणि बिलोली तालुक्यातल्याच एका शाळेत लागलो.

तिथं माझी गाठ ‘हाव’शी पडली. आमच्याकडं वर्गाला “कळालं का?” विचारलं की एका सुरात “हाव सर!” येतं. बाहेरच्याला वाटेल, हाव म्हणजे होय. नव्हे. वर्गातलं हाव म्हणजे, ‘सर, तुम्ही दमलात, आम्हीही दमलो, आता पुढं चला.’ मी पुढं जायचो. मग चाचणी घेतली की कोरे पेपर. एकदा असे पेपर हातात घेऊन वर्गात गेलो आणि डस्टर भिरकावलं, ते खिडकीतून थेट पाण्याच्या हौदात पडलं. भर उन्हाळा, खांद्यावर घाम पुसायचा रुमाल होता. मी पहिल्या बाकाशी गेलो, रुमाल हातावर टाकला आणि पुढच्या पोराला म्हणालो, “धर. काहीच कळालं नसंल तर एक बोट. अर्धवट असंल तर दोन. कळालं असंल तर आख्खा पंजा.”

शेतकऱ्यांची पोरं ती. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. एकेकाच्या तोंडावर हसू फुटलं आणि वर्गाचा बाजार झाला. मी बाकाबाकांतून फिरलो. जवळपास सगळ्यांनी एकच बोट धरलं. वर तोंडं अशी की जणू सगळ्यांनाच सगळं येतंय! मी फळ्याकडे गेलो आणि धडा पुन्हा सुरू केला. कुणाला काय कळालं नाही ते मला ठाऊक होतं आणि त्यांच्या शेजाऱ्याला ठाऊक नव्हतं, यात काय जादू आहे ते मला त्या दिवशी कळलं. पोरगं प्रश्न विचारत नाही ते आळसानं नाही. शेजारचं हसेल म्हणून विचारत नाही.

या एका रुमालावर माझे निकाल लागत गेले आणि पुढं लातूरच्या एका मोठ्या क्लासनं मला बोलावून घेतलं. लातूरमध्ये अकरावी-बारावी ही इयत्ता नसते, ते एक गावच असतं. कुठकुठली लेकरं येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा खातात आणि वर्षभर परीक्षा देतात. क्लासमध्ये बॅचा असतात. पहिली बॅच म्हणजे उद्या ज्यांचे फोटो चौकात बॅनरवर लागतील ती लेकरं. शेवटची बॅच म्हणजे ज्यांच्या फीतून ते बॅनर छापले जातात ती. दर परीक्षेनंतर यादी लागते आणि कुणी वर जातं, कुणी खाली येतं. मला पहिली बॅच दिली होती, आणि मला तिचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

तिथं किल्लारीचा बालाजी नावाचा एक पोरगा होता. अंगानं दांडगा. रोज रुमालाखाली माझा आख्खा पंजा असा दाबायचा की बोटांची हाडं मोडतील, आणि चाचणीत भोपळा; पहिल्या बॅचमध्ये टिकला होता तो बाकीच्या विषयांच्या जोरावर. एक दिवस मी त्याला व्हरांड्यात घेतलं.

“कामून रे, रुमालाखाली खोटं बोलतोस?”

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला. “सर, तुमी लई जीव तोडून शिकवता. सगळा शर्ट भिजतोय. न्हाई कळालं म्हणून कसं सांगावं?”

“बैल विकणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून लंगडा बैल घेतोस का तू?”

“घेतलता सर. आमच्या आज्ज्यानं.”

माझा राग कुठं जावं ते न कळून तिथंच बसला. त्यानंतर बालाजी इमानदारीनं एक बोट धरायला लागला. पण धरताना मान खाली घालायचा, जणू माझ्या अपयशाचं दुःख त्यालाच होतंय. नातं नातं म्हणतात ते मला तरी त्या बोटात सापडलं. पोरं मास्तराला फसवतात असं आपण म्हणतो. बऱ्याचदा ती त्याला सांभाळून घेत असतात.

हे सगळं पोरांपुरतं होतं. मुलींना मी नुसतं विचारायचो, त्या ‘हाव’ म्हणायच्या आणि मी मुकाट्यानं पुढं जायचो. एक दिवस तिसऱ्या बाकावरची शबाना उभी राहिली. नांदेडची, इतवाऱ्यात वडिलांचं गाद्या भरायचं दुकान. आवाज बारीक, पण धार होती.

“सर, पोरांना रुमाल अन् आमाला नुसतं हाव?”

वर्ग हसला. मी म्हणालो, “अगं, तुमचे हात कसे धरू? उद्या तुझा बाप मलाच गादीत भरून शिवून टाकील.”

“धरू नका ना. आमच्या घरी कापड काय कमी हाय?”

पुढच्या सोमवारी ती नांदेडहून गादीच्या खोळीच्या पट्टेदार कापडाची लांब पट्टी शिवून घेऊन आली. एक टोक माझ्या हातात, दुसरं बाकाखालून मुलीच्या हातात. वरून बघणाऱ्याला मी बाकाशी उभा आहे एवढंच दिसे. एक हिसका म्हणजे कळालं. दोन हिसके म्हणजे अर्धवट. मी विचारलं, “अन् काहीच न्हाई कळालं तर? तीन?”

ती म्हणाली, “न्हाई सर. ज्याला काहीच कळालं न्हाई त्याच्यात हिसका द्यायची ताकद कुठली? त्यानं नुसतं टोक धरून ठेवायचं. सोडायचं न्हाई.”

हा नियम माझा नाही, तिचा. पुढं ज्या मंडळींनी तो आपल्या नावावर खपवला त्यांच्यासाठी मुद्दाम लिहून ठेवतो.

आणि सगळ्यांत जास्त दिवस टोक धरून ठेवलं ते तिनंच. लिमिट नावाचं प्रकरण आम्ही शिकत होतो. चाचण्यांत तिला मार्क पडत होते, कारण गणितांचे साचे तिनं तोंडपाठ केले होते. पण साच्याबाहेरचं एखादं गणित आलं की तिचा गाडा रुतायचा. हे पेपरावरून कुणाला कळलं नसतं. मला कळत होतं, कारण रोज पट्टीचं टोक तिच्या हातातून सुटत नव्हतं. हे मी तिला विचारून लिहितो आहे, बालाजीचंही त्याला विचारूनच. ज्याचा हात होता तोच सांग म्हणाला, तर दलालाला सांगता येतं.

अशात तिचे वडील करीमभाई मला भेटायला आले. अंगावर कापसाचे बारीक तंतू, हातात पेरूंची पिशवी. खोलीत बसायला तयार नव्हते, जिन्यातच उभे राहिले.

“सर, एक बात खरी सांगा. पोरगी टिकंल का पहिल्या बॅचमधी?”

“का बरं?”

“माझे मोठे भाई बोलले, पहिली बॅच हाय तोवर लातूर. खाली आली की वापस नांदेड. दुकानात खोळी शिवंल. घरात चलती त्यांची हाय. म्हून विचारायलो, तिला समजतंय का?”

“ते मला सांगता येत न्हाई, करीमभाई.”

“बाप हूं मैं उसका!”

“अन् मी दलाल. रुमालाखालचं सांगत नसतेत.”

करीमभाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. आठवडी बाजारांत गाद्या विकलेला माणूस तो. त्यांना माझं बोलणं आमच्या क्लासच्या डायरेक्टरांपेक्षा लवकर कळलं. मी खांद्यावरचा रुमाल काढला. “घाला हात. बारावी होईपर्यंत तिला हितं ठेवा, बॅच कोणतीबी असू द्या. बोला, काय पाहिजे?” त्यांनी हात घातला, माझा पंजा दाबला, बराच वेळ दाबून धरला. मग हात काढून घेतला आणि म्हणाले, “हौ सर, मैं तो तय्यार हूं. पर सौदा माझ्या हातात न्हाई. भाईच्या हातात हाय. अन् भाईकू फक्त पैली बॅच समजती.”

पेरू मात्र ठेवूनच गेले.

म्हणजे शबानाचं शिक्षण आता पहिल्या बॅचच्या यादीवर लटकलं होतं. आणि त्याच आठवड्यात डायरेक्टर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना माणसापेक्षा आकडा लवकर दिसायचा. एसी लावलेला, टेबलावर नव्या बॅनरचा नमुना.

“सर, तुमच्या त्या रुमालाची लई चर्चा हाय. आता असं करा, कोण काय सांगतंय ते रोज मला द्यायचं. नावासकट.”

“कशाला?”

“ज्यांना कळत न्हाई त्यांना परीक्षेआधीच खाली टाकू. पहिल्या बॅचचा निकाल स्वच्छ पाहिजे.”

“साहेब, रुमालाखालचं सांगत नसतेत.”

“सर, हा क्लास हाय. बैलबाजार न्हाई.”

आता माझा पारा चढला. “बैलबाजार न्हाईच साहेब. तिथं दात मोजतेत ते बैलाचे. हितं तुमी लेकरांचे मोजायलात.”

साहेबांचा चेहरा उतरला. असल्या वेळी उठून दार आपटणारी माणसं पुष्कळ पाहिलीत. त्यांना सौदा येत नाही. मी खुर्ची पुढं ओढली आणि रुमाल टेबलावरून त्यांच्यासमोर धरला. “घाला हात. बोलू आपण.” साहेबांनी रुमालाकडे असं पाहिलं जणू त्याखाली विंचू आहे. हात काही घातला नाही. म्हणाले, “तोंडानंच बोला.”

तोंडानंच बोललो. पहिली बॅच आहे तशी बारावीपर्यंत हलवायची नाही, एकही नाव खाली जाणार नाही. बदल्यात मी पहिली बॅच सोडतो. मला शेवटची द्या. तिथंच गणित शिकवणाऱ्या साहेबांच्या मेव्हण्याला पहिली बॅच कधीची हवी होती, हे मला ठाऊक होतं. साहेब म्हणाले, “विचार करून सांगतो.” संध्याकाळच्या आत नवं वेळापत्रक लागलं. सौदा इतक्या लवकर तुटला की मला तेव्हाच कळलं, मी स्वस्तात गेलो. आजही ते खुपतं. अजून काहीतरी मागायला हवं होतं.

बाहेर बातमी अशी पसरली की सरांना पहिली बॅच झेपली नाही. स्टाफरूममध्ये कालपर्यंत माझ्यासाठी चहा सांगणारे आता चहाकडे बघत बसायचे. शेवटच्या बॅचचा वर्ग वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. पंखा फिरायचा तो फक्त आवाजापुरता. पहिल्या दिवशी तिथल्या पोरांनी मला विचारलं, “सर, तुमी काय केलतं?”, जसं तुरुंगात नव्या कैद्याला विचारतात.

दोन-चार दिवसांनी तास सुरू असताना दारात शबाना दिसली. तिचा तो तास मोकळा होता. “सर, बसू का?” मागून एकजण ओरडला, “ए, ही तर वरची हाय!” दुसरा म्हणाला, “वरची न्हाई रे, खालची. आपण पत्र्याखाली हावं, म्हंजी वर आपणच.” तेव्हापासून त्या बॅचमध्ये लई खेळीमेळी. शबाना शेवटच्या बाकावर बसायची आणि येताना पट्टी घेऊन यायची.

मी त्या पोरांना लिमिट पहिल्यापासून शिकवत होतो. एखाद्या जागेच्या जवळ जवळ जात राहायचं, पण तिथं पाय ठेवायचा नाही, आणि तरी त्या जागेचा भाव सांगायचा. एक दिवस मी म्हणालो, “बाजारात घेणारा एक पाऊल पुढं येतो, विकणारा एक पाऊल मागं सरतो. शेवटचा भाव अजून कुणी बोललेला नसतो, पण बघणाऱ्याला कळतं, सौदा कुठं तुटणार ते. ते जे कळतं ना, ते लिमिट.” पोरं हसली. मी पट्टी घेऊन फिरलो. शबानाच्या बाकाशी आलो, टोक तिच्या हातात गेलं, आणि मी सवयीनं थांबलो, कारण ती सोडत नसे.

एक हिसका आला. असा की पट्टी माझ्या हातातून निसटली.

बोलायचं नसतं. फळ्याकडे तोंड करून उगाच पुसलेला फळा पुन्हा पुसला.

बारावीला ती चांगल्या मार्कांनी पास झाली, पण बॅनरवर जाण्याइतक्या नव्हे. चौकातल्या फोटोंत ती नव्हती आणि गणिताच्या शिक्षकांत माझं नाव नव्हतं. मेव्हण्याचं होतं. पुढं क्लासनं रुमालाच्या जागी रिमोट आणले. पोरानं बटण दाबायचं, समोरच्या पडद्यावर रोल नंबरासकट दिसायचं आणि संध्याकाळी बापाच्या मोबाईलवर जायचं. जाहिरातीत लिहिलं, ‘विद्यार्थ्यांच्या मनातलं ओळखणारी पद्धत, आमची स्वतःची’. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सगळं कळायला लागलं. म्हणजे यंत्रावर ‘हाव सर’ सुरू झालं. मी परत आपल्या जिल्ह्यात, नांदेडला आलो आणि उरलेली नोकरी इथल्या एका शाळेत केली.

आता कुणी म्हणेल, तुम्हीच सांगता की सौदा सांगायचा नसतो; करीमभाई तर स्वतःच तोंडानं बोलून गेले, पण डायरेक्टरांचा कसा सांगितला? त्याचं उत्तर सोपं आहे. साहेबांनी रुमालाखाली हात घातला नव्हता. तोंडानं केलेला सौदा तोंडानं सांगायला मी मोकळा आहे. इतकी वर्षं गप्प बसलो ते त्यांच्यासाठी नाही. पोरीला ओझं वाटू नये म्हणून.

ती पोरगी आता नांदेडच्याच एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मध्यंतरी तिचा फोन आला, “सर, एकदा माझा तास बगायला या.” मी सिटी बसनं गेलो. फाटकात घ्यायला आली. चालता चालता तिनं विचारलंच, “सर, एक इचारू? तवा तुमाला खालच्या बॅचला का टाकलं होतं? पोरं म्हणायची, तुमी साहेबांवर डस्टर फेकलं.”

“फेकायला पाहिजे होतं,” मी म्हणालो. “दिवाळीला सांगतो.” शबाना, ही ती दिवाळी.

मी शेवटच्या बाकावर बसलो. शेजारच्या पोरानं जागा दिली आणि पाहुणे म्हणून माझ्याकडे फार आदरानं पाहिलं. त्या दिवशी तिनं ‘मोल’ शिकवायला घेतला. मला वाटलं, बरं झालं, आयुष्यभर मोल करण्यातच गेलंय. पण हा मोल वेगळा निघाला. डझनासारखी एक मोजणी, पण कणांची, आणि आकडा एवढा मोठा की त्यातली शून्यं बघून घेरी यावी. वर पुन्हा दर पदार्थाच्या मोलाचं वजन निराळं. ती छान शिकवत होती, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं. मी मान हलवत होतो, जशी शिकलेली माणसं हलवतात.

मग तिनं विचारलं, “कळालं का?” वर्ग म्हणाला, “हाव मॅडम!” तिनं टेबलाच्या कप्प्यातून पट्टी काढली. तेच पट्टेदार कापड, खोळीचं. पोरं-पोरी दोघांनाही तेच. बाकाबाकांतून फिरत ती मागं आली, शेजारच्या पोराचा हिसका घेतला, आणि गालात हसत दुसरं टोक बाकाखालून माझ्या हातात दिलं.

मी उभ्या जन्मात समोरच्याला कधी कळू दिलं नाही की मला कळलेलं नाही. तसं केलं की भाव पडतो. तिला एक हिसका दिला असता तर तिला बरं वाटलं असतं, जीव तोडून शिकवलं होतं तिनं. मला बालाजी आठवला.

मी टोक धरून ठेवलं. सोडलं नाही.

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही. मग पट्टी अलगद सोडवून घेऊन ती फळ्याकडे गेली आणि सगळा फळा पुसून टाकला.

“चला, परत पहिल्यापासून.”

“मॅडम, आमाला कळालं की!” पुढचा एक पोरगा कुरकुरला. “कुणाला न्हाई कळालं?”

तिनं खडू उचलला. “ते सांगत नसतेत,” ती म्हणाली.